देवीनं माझी ओटी भरली

एक काळ असा होता की देवीपुढं उभं राहायची मला भीती वाटायची. ती कोपेल म्हणून नव्हे. ती मला ओळखणारच नाही, असं मनानं घेतलं होतं. सगळ्या बायका रांगेनं खण-नारळ घेऊन तिच्यासमोर जातात, ती आपल्या लेकींकडं पाहते. त्या रांगेत मी कुठं उभं राहायचं, हेच मला कळेनासं झालं होतं. आज इतकी वर्षं उलटल्यावर मी शांत मनानं हे लिहू शकते. चमत्कार म्हणावा की योगायोग, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी फक्त घडलं तसं सांगते.

आम्ही मुलुंडला एका दुमजली चाळीत राहायचो. वडील, म्हणजे अप्पा, जवळच्या औषधांच्या कारखान्यात कामाला होते. आई मालवणकडची. मुंबईत तिची हयात गेली तरी घरात तिची मालवणीच चालायची. मी त्यांचं एकुलतं एक अपत्य. अंगानं उंच, रंगानं उजळ, केस गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "पोरीची दृष्ट काढत जा गं." आईनं मला मुलीच्या सगळ्या रीती शिकवल्या होत्या. पाय जुळवून बसायचं, खळखळून हसायचं नाही, चालताना पावलं मोजकी टाकायची. चाळीतल्या मुलग्यांना त्यांच्या आया शिकवत, 'रडतोस काय बायकांसारखा?' आम्ही मुलंमुली अशी आपापल्या साच्यात ओतली जात होतो, आणि मला माझ्या साच्याबद्दल तक्रार नव्हती. केसांत गजरा माळायला, आईच्या साड्यांच्या घड्या घालायला मला मनापासून आवडे.

फक्त एक गोष्ट झाली नव्हती. मॅट्रिक झाले, शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा होत आला, बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं झाली, तरी मला पाळी आली नव्हती. आईनं काढे दिले, उपास केले. कोणी म्हणे, अंगात उष्णता आहे. कोणी म्हणे, उशिरा येते काहींना. शिवाय लहानपणापासून माझ्या दोन्ही जांघांत बोराएवढ्या गाठी होत्या. दुखत नव्हत्या म्हणून त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं.

अशात बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा अंधेरीच्या एका कारखान्यात आराखडे काढायच्या विभागात होता, आणि कबड्डीत त्याचं नाव होतं. उपनगरातल्या कुठल्याही मंडळाचे सामने असोत, त्याची चढाई बघायला माणसं भिंतींवर चढून बसत. पाहण्याच्या दिवशी त्याची आई माझ्याकडं बघून कुजबुजली, "मुलगी तुझ्याएवढी उंच आहे रे." त्यावर तो मोठ्यानंच म्हणाला, "मग काय झालं? आपल्या दाराची चौकट उंच आहे." मला खळखळून हसू आलं. आईनं डोळे वटारले, पण तोवर तोही हसला होता. साखरपुडा झाला.

साखरपुड्यानंतर आई एक दिवस अप्पांना म्हणाली, "लग्नाआधी हिका डॉक्टरणीक दाखवूक व्हया." अप्पांना ते पटलं नव्हतं, पण आई हट्टाला पेटली, आणि आम्ही शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला तपासलं, गालाच्या आतल्या बाजूनं लाकडी पट्टीनं हलकेच खरवडून काचेवर घेतलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं. शेवटी आम्हा दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की मला गर्भाशय नाही. पाळी कधी येणार नाही, मूल होणार नाही. त्या गाठी म्हणजे पुरुषाच्या शरीरात जे असतं तेच. पुढं त्रास होऊ नये म्हणून त्या काढाव्या लागतील.

आईला काही कळेना. तेव्हा बाईंनी समजावलं, "आईच्या पोटात सुरुवातीला सगळ्यांचं शरीर सारखंच असतं. पुढं काहींच्या शरीराला निरोप जातो, की तू मुलगा हो. हिच्या बाबतीत तो निरोप निघाला होता, पण शरीरानं तो ऐकलाच नाही. ते आपल्या वाटेनं मुलगी होत गेलं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू मुलगीच आहेस. तशीच वाढलीस, तुला तसंच वाटतं. ह्या तपासणीनं त्यात काही बदलत नाही."

आईनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे माझा चेडू चेडूच आसा ना, बाई?"

"तुमचं चेडूच आहे," बाई म्हणाल्या.

मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, आणि गंमत अशी, की चेडवाला 'तो' नाही म्हणत, 'ती'ही नाही म्हणत, 'ता' म्हणतात, म्हणजे आपलं 'ते'. माझा चेडू शाळेत गेला, माझा चेडू जेवला, असं आई जन्मभर म्हणत आली होती. त्या दिवशी तो शब्द कानाला वेगळाच लागला.

अप्पा हबकून गेले. ते वाईट नव्हते, पण घाबरले होते. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "मुलगी आजारी आहे सांगू, लग्न पुढं ढकलू. मग ते आपोआप मोडेल." आई म्हणाली, "खोटा सांगून मोडूचा नाय आणि फसवून लावूचापन नाय." घरात दिवसचे दिवस बोलणं बंद राहिलं. माझ्या मनात त्याहून विचित्र काहीतरी सुरू झालं होतं. आपल्या भाषेत 'मी' म्हटलं की पुढच्या क्रियापदात आपण बाई की पुरुष हे सांगावंच लागतं. मी आले, मी जेवले, मी जाते. हे शब्द तोंडातून निघेनात. आपण खोटी साक्ष देतोय असं वाटायचं. मग मी आडवाटेनं बोलू लागले. 'मी जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं.' 'मी थकले' ऐवजी 'मला थकवा आलाय.' भविष्यकाळात मात्र सगळेच सारखे, म्हणून 'मी येईन', 'मी करीन' एवढंच मोकळेपणानं म्हणायचे. आईच्या लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. चैत्रात तिनं घरच्या देवीची ओटी भरली आणि मला हात लावायला सांगितलं, तर मी मागं सरले. "मला नको," एवढंच म्हटलं. आई माझ्याकडं बघत राहिली.

आमच्या चाळीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीचं माहेर मनोरीचं. तिनं आईला तिथल्या किनाऱ्यावरच्या देवीचं सांगितलं. चैत्रात तिची पालखी निघते, भगताच्या अंगात ती येते, आणि लेकीबाळींचं गाऱ्हाणं ऐकते. आईनं मला न विचारता ठरवून टाकलं. मालाडहून बसनं मार्व्याला आणि तिथून होडीनं खाडी ओलांडून आम्ही मनोरीला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. होडीत बहुतेक कोळणीच होत्या. लाल-हिरवी लुगडी कासोटा घालून नेसलेल्या, पाय फाकवून ऐसपैस बसलेल्या, एकमेकींवर ओरडत, पोट धरून हसत. नाखव्याशी भांडून त्यांनीच होडी लवकर सोडायला लावली. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला आईनं जे जे करू नको म्हणून शिकवलं होतं, ते सगळं त्या करत होत्या, आणि त्यांच्याइतकं बाईपण मी कुणात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की बाई कशी असावी हे जर मुलुंडात एक आणि मनोरीत दुसरं असेल, तर त्यातलं किती देवाचं आणि किती माणसांचं?

देऊळ लहानसं, कौलारू, वाळूच्या कडेला. आत-बाहेर गर्दी होती. आई रांगेत लागली. मी दाराशीच थांबले. तेवढ्यात ढोल वाजू लागला आणि आतून भगत आले. साठीच्या आसपासचं वय, उन्हानं रापलेला देह, दंड वल्ह्यासारखे, ओठांवर पांढरी जाड मिशी. अंगावर देवीची हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हातांत हिरव्या बांगड्या. मी चाळीत लहानाची मोठी झालेली. पुरुषानं साडी नेसलेली दिसली की शिट्ट्या ऐकायची सवय. इथं कुणी हसलं नाही. दर्यावर जाणारे धिप्पाड गडी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून 'आई, आई' म्हणत होते. अंगात आल्यावर भगत आपली कोळी बोली सोडून पोथीतली वाटावी अशी मराठी बोलत. हात उंच करून ते म्हणाले, "मी आले गं, बायांनो. मी आले."

त्या जाड मिशीखालून 'मी आले' हे शब्द निघाले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या दोन शब्दांपाशी माझी जीभ अडत होती, ते तो देह इतक्या सहज बोलत होता. आणि सगळं गाव ते खरं मानत होतं.

गर्दीतून वाट काढत ते थेट दारापाशी आले. "दारात कोण आहे?" त्यांनी विचारलं. आई लांब होती. आजूबाजूच्या बायकांनी मला पुढं ढकललं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी आले आहे, आई."

बोलले आणि माझ्याच कानांनी ऐकलं.

"मग बाहेर का उभी राहिलीस?" त्यांनी माझा हात धरून मला आत नेलं. देवीपुढच्या ताटातला नारळ, तांदूळ, हळकुंड उचललं आणि म्हणाले, "पदर पसर." मागून एक म्हातारी ओरडली, "अगो, कुवार पोर हाय ती! कुवारीची ओटी कशी भरतेस?" भगतांनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. "माझी लेक माहेरी आली आहे," ते म्हणाले. "तिची ओटी मी नाही भरणार तर कोण भरणार?" आणि त्यांनी माझ्या पदरात ओंजळभर तांदूळ ओतले, वर नारळ ठेवला. मी तो पदर छातीशी धरून तिथंच बसले आणि लहान मुलीसारखी रडले. भगतांना माझी काहीच माहिती नव्हती. आईनंही कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मलाच का निवडलं, ह्याचा मी पुढं पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला.

पालखी गेल्यावर आम्ही होडीची वाट बघत किनाऱ्यावर बसलो होतो. तेव्हा तेच भगत लुंगी-गंजिफ्राक घालून झाडाखाली जाळं सांधताना दिसले. आई त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी घाईनं पाय आखडले. "आता नको, बाय. ती गेली." मग माझे सुजलेले डोळे पाहून म्हणाले, "कनाला रडतंस?"

मी धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला साडी नेसायला लाज नाही वाटत?"

त्यांना प्रश्नच कळला नसावा. मान वर करून म्हणाले, "लाज कनाची? तिनं बोलावलं, मी गेलो." आणि पुन्हा जाळ्याला लागले.

परतताना होडीत आईनं माझा हात हातात घेतला होता. मी म्हटलं, "आई, बोरिवलीच्यांना मीच सांगते." ती म्हणाली, "सांग."

आईनंच माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मुलुंडला बोलावून घेतलं. अप्पा मुद्दाम बाहेर निघून गेले. आईनं आम्हा दोघांना गॅलरीत दोन खुर्च्या टाकून दिल्या आणि म्हणाली, "काय बोलूचा ता बोला, मी भाकऱ्या थापतंय." आतून भाकरीवर पडणाऱ्या तिच्या हाताचा आवाज येत राहिला आणि मी बोलत राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं, काही न गाळता. ते माझ्याकडं न बघता समोरच्या गुलमोहराकडं बघत ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्या गाठी दुखतात का तुम्हाला?"

मी मानेनं नाही म्हटलं. "मला थोडे दिवस द्या," म्हणाले, आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि गेले.

ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. अप्पा म्हणत, आता सगळ्या बोरिवलीत डांगोरा पिटला जाईल. मी मात्र आश्चर्य वाटावं इतकी शांत होते. जे माझं होतं ते मी बोलले होते, पुढचं माझ्या हातात नव्हतं. आणि एका रविवारी सकाळी ते परत आले. ह्या वेळी अप्पा घरी होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मला मुलं फार आवडतात. ऐकून वाईट वाटलं. दुसरं स्थळ बघावं असंही मनात येऊन गेलं. पण तुमच्याशिवायचं घर डोळ्यांपुढं आणायला गेलो, तर ते काही केल्या दिसेना." मग अप्पांना म्हणाले, "फक्त माझ्या आईला सांगू नका. तिला हे झेपणार नाही. ते माझ्यावर सोडा." अप्पा उठले, आत गेले. आतून त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. पुरुषानं रडू नये असं तेही शिकले होते.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा हे रोज कामावरून सुटल्यावर इस्पितळात येत, स्टुलावर बसून मला सामन्यांच्या हकिकती सांगत. कुणाची पकड कशी सुटली, पंचाशी कोण भांडलं. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या आवाजानं दुखणं विसरायला होई. मग लग्न झालं आणि मी बोरिवलीत आले. जवळच्याच शाळेत मला नोकरी लागली.

काही वर्षं बरी गेली. मग प्रश्न सुरू झाले. सासूबाई वाईट नव्हत्या. तरुणपणी वैधव्य आलेल्या, एकट्या मुलाला शिवणकाम करून वाढवलेल्या. त्यांना नातू हवा होता, त्यात वावगं काय होतं? त्यांनी मला देवस्थानांना नेलं, ताईत बांधले, शनिवार करायला लावले. मी सगळं निमूट केलं. नातेवाइकांनी मात्र तोंड सोडलं. एका पाडव्याला घरी सगळे जेवायला जमले होते. ह्यांच्या मावशी पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या, "किती दिवस वाट बघायची? गावाकडं एक चांगली मुलगी आहे. हिलाही राहू दे, पण दुसरी आणा." पंक्तीत सगळे खाली माना घालून जेवत होते. मी तुपाची वाटी घेऊन उभी होते.

ह्यांनी घास खाली ठेवला. "मावशी," ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनी मला तपासलंय. दोष माझ्यात आहे. उद्यापासून हिला कुणी एक अक्षर बोलायचं नाही."

असं बोलायला त्या काळी पुरुषाची काय छाती लागायची, हे आजच्या मुलांना कळणार नाही. ह्यांच्यासारख्या मैदान गाजवणाऱ्या गड्याला तर अधिकच. भर पंक्तीत ह्यांनी आपली सगळी मर्दुमकी माझ्या डोक्यावर छत्रीसारखी धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले. संध्याकाळी मी रडून म्हटलं, "मला खरं सांगू द्या." ते म्हणाले, "तुझ्याबद्दल कळलं तर लोक तुला काय काय म्हणतील, मला ठाऊक आहे. तू ते सहन करू शकणार नाहीस. मला फार तर हसतील. हसू देत. मला मैदानात पडायची सवय आहे."

आणि लोक हसले. बातमी चाळी-चाळींतून फिरली. घाटकोपरच्या मैदानावर एक मोठा सामना होता. सासूबाई आणि मी बायकांच्या बाजूला बसलो होतो. हे चढाईला निघाले आणि समोरच्या मंडळाच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्याला बांगड्या भरा रे!" सगळीकडं खसखस पिकली. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. हे थांबले. त्यांनी त्या पोरांकडं एकदा पाहिलं, वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि आत घुसले. गोष्टीत असतं तर इथं त्यांनी तिघांना बाद करून आणलं असतं. तसं झालं नाही. चौघांनी मिळून त्यांना धरलं आणि सामना आम्ही हरलो. हे उठले, अंगावरची माती झटकली, ज्यानं पाय धरला होता त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली, "चांगली पकड केलीस रे," म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याइतका पुरुष त्या सबंध मैदानावर दिसला नाही.

त्यानंतर सासूबाई बदलल्या. त्या माझ्याशी इतक्या मायेनं वागू लागल्या की मला ते सोसवेना. दुपारी मला जवळ बसवून डोक्याला तेल लावत, आणि म्हणत, "माझ्या मुलापायी तुझी कूस रिकामी राहिली गं. मला क्षमा कर." देवापुढं बसून त्या मुलाच्या वतीनं माफी मागत, त्याच्यासाठी उपास धरत. आपल्या मुलात काही उणं आहे ह्या दुःखानं त्या वाळत चालल्या होत्या. ह्यांनी मला शपथ घातली नव्हती, तरी त्यांचा शब्द मला शपथेसारखाच होता. मी मनोरीच्या आईला रोज विचारायचे, काय करू? उत्तर येत नसे. एक दिवस देवापुढं दिवा लावताना मात्र ते भगत आठवले. तिनं बोलावलं, मी गेलो. त्यांनी मागचा-पुढचा हिशेब कुठं केला होता?

त्याच दुपारी त्या माझी वेणी घालत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच बोलता आलं असेल. मी म्हटलं, "सासूबाई, ह्यांच्यात काही दोष नाही. दोष म्हणायचाच तर तो माझ्यात आहे, आणि ह्यांना तो लग्नाआधीपासून ठाऊक आहे." मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, गाठी, गॅलरी. वेणी घालणारे हात थांबले. मला वाटलं, आता त्या उठून जातील. मला वाटलं, आता त्या हात धुतील. मग ते हात पुन्हा चालू लागले. त्यांनी वेणी शेवटपर्यंत घातली, रिबीन बांधली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी हे कामावरून आले, तर बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, सासूबाईंच्या हातात निरांजनाचं ताट. "बस," त्या म्हणाल्या.

"आज काय आहे? माझा वाढदिवस नाही की दिवाळी नाही," हे हसत म्हणाले.

"गप बस म्हटलं ना!" त्यांनी ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. "ओवाळायचं राहून गेलं होतं तुला. एवढी मोठी गोष्ट केलीस आणि आईला पत्ता नाही."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. सासूबाई ओवाळत राहिल्या आणि तो दांडगा गडी पाटावर बसल्या बसल्या ओक्साबोक्शी रडू लागला. इतकी वर्षं मैदानात, पंक्तीत, ऑफिसात जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी त्याला 'रडतोस काय' म्हटलं नाही. मग दुसरा पाट मांडून त्या मला म्हणाल्या, "तूही बस. अशी लांब का उभी?"

सासूबाई पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. त्या गोष्टीबद्दल त्या बाहेर एक शब्द बोलल्या नाहीत. मावशींनी एकदा पुन्हा विषय काढला, तेव्हा त्यांनी बहिणीला दारातूनच परत पाठवलं.

मी शाळेत शेकडो मुलं शिकवली. बाकांवर दाटीवाटीनं बसणारी, कुणी दांडगी मुलगी, कुणी हळवा मुलगा. जे जसं आलं त्याला तसं वाढू द्यावं, एवढंच मला समजलं. शरीर आपल्या वाटेनं घडतं, समाज आपले साचे घेऊन येतो. ह्या दोघांच्या मधल्या जागेत माणूस उभा असतो, आणि तिथं तो एकटा नसतो, हा मला आलेला अनुभव. शरण जायचं म्हणजे देवाला काहीतरी वाहायचं, असं मी समजत होते. मला ते उलटं शिकावं लागलं. आपली लायकी न मोजता, समोरून जे प्रेम येतं ते पदर पसरून घ्यायचं, हेच मला सर्वांत जड गेलं. ज्यांनी दिलं त्यांचं ऋण फिटणार नाही, आणि आता ते फेडावं असं वाटतही नाही. घेतलं, आणि मी सुखी झाले.